आपल्या आयुष्याला बसेल असा लेखनाचा दिनक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, घर, शेती किंवा शिक्षण सांभाळून लिहू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणारी मी सव्वीस वर्षे बँकेत नोकरी करत आणि डोंबिवलीहून लोकलने ये-जा करत लिहीत आले. त्यामुळे काही उत्तरांमध्ये माझे पूर्वग्रह डोकावतील आणि ते मी लपवलेले नाहीत.

दिनक्रम म्हणजे रोज ठरावीक वेळी लिहायला बसणे, असेच ना?

तसे असलेच पाहिजे असे नाही. पुढची बैठक कधी होणार आणि तिची सुरुवात कोठून होणार, हे ज्या व्यवस्थेमुळे आजच ठाऊक असते, तिला मी दिनक्रम म्हणते. ती बैठक उद्या पहाटे असेल किंवा येत्या रविवारी दुपारची जेवणे उरकल्यावर असेल. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास बसणारा माणूस माझ्या लेखी नियमित लेखक आहे. उलट रोज रात्री ‘आज जमले तर पाहू’ असे म्हणत वही उशाशी ठेवणाऱ्याचा दिनक्रम अजून ठरलेलाच नाही, मग ती वही कितीही सुंदर असो.

सगळे पहाटे उठून लिहिण्याचा सल्ला देतात. मला ते जमत नाही. मग माझ्या हातून लेखन होणारच नाही का?

पहाटेच्या लेखनाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांचा आहे. टपाल खात्यात नोकरी करत असताना ते साडेपाचला टेबलाशी बसत, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात घालवत आणि नंतर समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. १८६७ मध्ये नोकरी सोडण्याआधीच त्यांच्या अनेक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या, आणि त्यांच्या कादंबऱ्यांची एकूण संख्या ४७ भरली. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण येथेच थांबतात. ट्रोलप यांनी स्वतः मात्र आत्मचरित्रात पुढचा तपशीलही नोंदवला आहे : त्यांना वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक वृद्ध मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, होता, आणि या कामाबद्दल ते त्याला वर्षाला पाच पौंड जादा देत असत. आपल्या यशाचे श्रेय त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला द्यावे, असे त्यांना वाटत नसे. साहेब साडेपाचला लिहायला बसत, तेव्हा तो मोतद्दार त्याआधीच उठलेला असे.

प्रसिद्ध लेखकांचे वेळापत्रक उसने घेताना हा मोतद्दार आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे. आपल्याकडे पहाटे साडेपाचला बहुधा पाणी येते, डबे होतात आणि शाळेची बस गाठायची असते. ज्या घरात सकाळची जबाबदारी तुमच्यावर आहे, त्या घरात ‘पहाटेची शांतता’ मिळवायची तर साडेतीनला उठावे लागेल, आणि रात्री साडेअकराला झोपणाऱ्या माणसाला ते चार दिवसांपलीकडे झेपणार नाही.

शिवाय पहाटेच सगळ्यांचे डोके चालते, असेही नाही. जर्मन भाषेत लिहिणारे कथाकार फ्रान्झ काफ्का प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेत साधारण दुपारी दोनपर्यंत काम करत, घरी येऊन झोपत आणि घर शांत झाल्यावर रात्री लिहायला बसत. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी एक पूर्ण कथा रात्री दहा ते सकाळी सहा अशा एकाच बैठकीत लिहिली. हाही दाखला अनुकरणासाठी नाही, कारण त्यांची झोप आणि प्रकृती या दोन्हींची कायमच ओढाताण होत असे. तुमची वेळ ठरवण्यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे : कोणत्या वेळी लिहिलेला मजकूर दुसऱ्या दिवशी वाचताना कमीत कमी खोडावा लागतो, हे पंधरा दिवस पाहावे.

माझ्या दिवसात वेळच उरत नाही. तो कोठून काढायचा?

सबंध आठवडा, सोमवार ते रविवार, आपण प्रत्यक्षात काय केले ते एका पाठकोऱ्या कागदावर दर रात्री लिहून ठेवा. काय करायला हवे होते, ते लिहू नका. आठवडा संपल्यावर तीन प्रकारचा वेळ दिसू लागतो. पहिला प्रकार अखंड वेळेचा, म्हणजे तासभर कोणी हाक मारणार नाही असा. तो फारच थोडा सापडेल, कदाचित आठवड्यात एकदाच. दुसरा प्रकार तुटक वेळेचा : कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा, दवाखान्यात नंबर येईपर्यंतचा, मुलाचा क्लास सुटेपर्यंतचा. तिसऱ्या प्रकारात हात गुंतलेले असतात, पण डोके मोकळे असते.

बहुतेकांची चूक अशी होते की, ते या तिन्ही वेळांत एकच काम करू पाहतात. नवा मजकूर लिहिणे हे अखंड वेळेचे काम आहे. लिहिलेले वाचून खुणा करणे, नावे व तारखा तपासणे, स्वच्छ प्रत काढणे ही तुटक वेळेची कामे आहेत. पुढे काय घडेल, पात्र काय बोलेल, लेखाची सुरुवात कोठून करावी, हा विचार तिसऱ्या वेळेत होतो. अखंड वेळेच्या एकुलत्या एका तासात शुद्धलेखन तपासत बसणे म्हणजे पाहुण्यांसाठी आणलेल्या आंब्यांचे लोणचे घालण्यासारखे आहे.

या नोंदीत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती थोडी अवघड जागेची आहे. रात्री जेवणानंतर मोबाइल हातात घेऊन गेलेला सव्वा तासही त्या कागदावर उतरतो. तो सगळा काढून घेऊ नका, कारण दिवसभर थकलेल्या माणसाला करमणूकही लागते. त्यातली वीस मिनिटे जेवणाआधी सरकवून लेखनाला दिली, तरी पुष्कळ झाले.

लोकलच्या किंवा बसच्या प्रवासात खरोखर लिहिता येते का?

जागा मिळाली तर येते. टपाल खात्याच्या कामासाठी सतत रेल्वेने फिरावे लागत असल्यामुळे ट्रोलप यांनी मांडीवर ठेवायची छोटी पाटी तयार करून घेतली होती आणि ते डब्यात पेन्सिलीने लिहीत. त्याची स्वच्छ प्रत मात्र त्यांच्या पत्नी करत. प्रत्येक दिनक्रमामागे कोणाचे तरी न दिसणारे काम असते, हे येथेही दिसते.

डोंबिवलीहून मुंबईला सकाळी जाणाऱ्या गाडीत उभ्याने हात वर काढणेही कठीण असते, तेथे वही उघडण्याचा प्रश्नच येत नाही. मी त्या प्रवासाला तिसऱ्या प्रकारच्या वेळेत धरले होते. चढण्याआधी फलाटावर आदल्या रात्रीचा शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि उतरेपर्यंत पुढचे एकच वाक्य मनात घोळवायचे, एवढेच मी ठरवले होते. बँकेत पोहोचल्यावर हजेरी लावण्याआधी ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पर्समध्ये टाकायचे. परतीच्या प्रवासात ठाण्याच्या पुढे कधीकधी बसायला मिळे, पण तेव्हा मी सरळ झोपत असे आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

घरकाम आणि मुले यांतून गृहिणीने लेखनासाठी वेळ कसा मागावा? घरचे लोक लेखनाला रिकामटेकडेपणा समजतात.

सर्वांत जास्त पत्रे याच प्रश्नाची येतात आणि ती जवळजवळ सगळी स्त्रियांची असतात. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. खानदेशातल्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसल्या की किंवा शेतात काम करताना त्या ओव्या रचत आणि त्या ओव्या त्यांच्या मनात राहत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले इतर यांनी त्यांतल्या काही वेळोवेळी उतरवून घेतल्या म्हणून १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, त्यांचा संग्रह प्रसिद्ध होऊ शकला. जात्याची लय, दोन्ही हात गुंतलेले आणि मन मोकळे, ही रचना करण्याची पद्धत त्यांच्या आधीही बायकांनी कित्येक पिढ्या वापरलेली आहे. कणीक मळताना किंवा भांडी घासताना सुचलेले वाक्य ओळीने तीनदा मनात म्हटले तर ते रात्रीपर्यंत टिकते, असा माझा अनुभव आहे. फ्रिजवर लोहचुंबकाने अडकवलेली एक चिठ्ठी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवली तर तेवढीही कसरत करावी लागत नाही.

परंतु या उदाहरणाचा गैरवापर होतो, तोही सांगितला पाहिजे. ‘बहिणाबाईंनी संसार सांभाळून केलेच ना?’ असे म्हणून कोणी तुमचा अर्धा तास नाकारत असेल, तर उतरवून घेणाऱ्या सोपानदेवांची आठवण त्यांना करून द्यावी. ओवी पाठ राहते, पण तीनशे पानांची कादंबरी पोळ्या लाटता लाटता होत नाही. तिला दार लावून घेतलेला वेळ लागतो आणि तो मागावाच लागतो.

मागताना ‘मला लिहायला वेळ हवा’ अशी सर्वसाधारण मागणी केली, तर सगळे मान डोलावतात आणि काहीच बदलत नाही. त्याऐवजी मागणी नेमकी असावी : मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते पावणेनऊ मी आतल्या खोलीत असेन; त्या वेळात भाजी गरम करणे, दार उघडणे आणि धाकट्याचा गृहपाठ हे दुसरे कोणीतरी पाहील; आणि ते कोण, हे आत्ताच ठरवू. सासूबाई घरात असतील तर त्यांच्याशी हे बोलणे नवऱ्यामार्फत करण्यापेक्षा स्वतः करणे बरे, कारण मध्यस्थाच्या तोंडी विनंतीची तक्रार होते. पहिले चार-पाच आठवडे त्या पाऊण तासात तीनदा दार वाजेल. दर वेळी न चिडता ‘पावणेनऊला येते’ एवढेच सांगावे आणि पावणेनऊला खरोखर बाहेर यावे. वेळेवर बाहेर येणाऱ्या माणसाच्या बंद दारावर घरचे हळूहळू विश्वास ठेवू लागतात.

मुले दोन-तीन वर्षांपेक्षा लहान असतील, तर मात्र फार मोठा दिनक्रम आखू नये. त्या काळात दिवसाला चार ओळींची नोंदवही पुरे आहे, आणि ती पुढे फार उपयोगी पडते.

माझी कामाची पाळी दर आठवड्याला बदलते. घड्याळाप्रमाणे काहीच ठरवता येत नाही.

मग घड्याळाला बाजूला ठेवा आणि लेखन एखाद्या कृतीला जोडा. पाळी पहिली असो वा तिसरी, झोपून उठल्यावरचा चहा होतोच. ‘चहा संपला की अर्धे पान’ असे ठरवले तर सकाळी सहा आणि दुपारी चार यांत फरक राहत नाही. रात्रपाळीच्या पहिल्या दोन दिवसांत नवे काही लिहू नये. त्या दिवशी जुना मजकूर फक्त वाचावा.

शेतकऱ्यांसाठी आठवड्यापेक्षा हंगाम हे माप खरे आहे. जूनमध्ये पेरणी सुरू झाल्यावर आणि पुढे सोयाबीनच्या काढणीत लेखनाचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. उन्हाळ्यात नांगरट होऊन रान तापत पडले की, दुपारचे तास मोकळे मिळतात, तेव्हा वर्षाचे मुख्य लेखन होऊ शकते. शेतीपंपाला वीज कधी दिवसा तर कधी रात्री आळीपाळीने येते, आणि रात्री उसाला दारे धरताना, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवताना, दोन वाफ्यांच्या मधला वेळ हाताशी असतो. कोल्हापूरकडच्या एका लेखकाने मला सांगितले की, त्याने एका कथेचे सगळे संवाद बांधावर बसून मोबाइलमध्ये बोलून ठेवले होते. मागे पाण्याचा आवाज होता, तो खोडायची गरज पडली नाही, असेही तो म्हणाला.

एका बैठकीत किती लिहावे? हजार शब्दांचे लक्ष्य योग्य आहे का?

हजार शब्दांचा आकडा इंग्रजीतून आलेल्या सल्ल्यांत सारखा दिसतो आणि तो मराठीला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द आहे, पण तेवढेच सांगायला इंग्रजीला तीन-चार शब्द लागतात. त्यामुळे तेवढाच आशय मराठीत कमी शब्दांत मावतो, आणि हजार मराठी शब्दांमागचे श्रम अधिक असतात. सुरुवातीला अडीचशे ते तीनशे शब्द, म्हणजे हाताने लिहिलेले साधारण दीड पान, भरपूर आहे.

त्याहीपेक्षा महत्त्वाचा आकडा दुसरा आहे. घरात आजारपण आहे, ऑफिसात मार्चअखेर आहे, रात्री बाराला घरी आलो आहोत, अशा सर्वांत वाईट दिवशीही तुम्ही किती लिहू शकाल? तो आकडा दोन ओळींचा असेल तर दोन ओळी हेच तुमचे लक्ष्य ठरवा. चांगल्या दिवशी दोन पाने झाली तर आनंदच आहे, पण त्यामुळे उद्याचे लक्ष्य वाढवू नका.

हाताने लिहावे, टंकावे की बोलून लिहावे?

ज्यात तुम्ही सर्वांत कमी थांबता, ते वापरावे. मोबाइलवर मराठी बोलून टंकण्याची सोय आता बरीच सुधारली आहे, परंतु विरामचिन्हे, नावे आणि बोलीतले शब्द तपासायला बसावेच लागते. संगणकावर लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेले लेखन दुसऱ्या संगणकावर उघडले की अगम्य चिन्हांची रांग दिसते, आणि माझ्या दोन कथा मला अशाच पुन्हा टंकाव्या लागल्या आहेत.

सवय लागायला २१ दिवस लागतात, हे खरे आहे का?

या आकड्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांना १२ आठवडे रोज एक छोटी नवी कृती करायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ साधारण ६६ दिवस निघाला, परंतु व्यक्तिगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्या कृती दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे किंवा व्यायाम करणे अशा होत्या, आणि व्यायामाला पाण्यापेक्षा जास्त दिवस लागले. लेखन यांहून गुंतागुंतीचे आहे. पाडव्याला सुरू केलेला दिनक्रम आषाढापर्यंत आपोआप घडू लागला नाही, तर त्यात तुमचा दोष नाही.

मध्ये खंड पडला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते का?

नाही. वरच्याच अभ्यासात असे दिसले की, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर लक्षणीय परिणाम होत नाही. नुकसान बुडालेल्या दिवसाने होत नाही, बुडालेले भरून काढण्याच्या हट्टाने होते. गणपतीचे दहा दिवस गेले म्हणून अकराव्या दिवशी पंधरा पाने लिहायला बसणारा माणूस बाराव्या दिवशी वहीकडे फिरकत नाही. बुडाले ते बुडाले असे समजून आजच्या दोन ओळी लिहाव्यात. सणवार, लग्नसराई आणि मे महिन्यातले पाहुणे दर वर्षी येतात, त्यामुळे ते दिवस आधीच सुट्टी म्हणून कॅलेंडरवर लिहून टाकावेत.

वेळेवर बसतो, पण सुचतच नाही. काय करावे?

आदल्या बैठकीत कोठे थांबलात, ते पाहा. प्रकरण संपवून किंवा पूर्णविराम देऊन समाधानाने उठलात, तर दुसऱ्या दिवशी कोरे पान समोर येते. त्यापेक्षा पुढचे वाक्य ठाऊक असताना थांबावे आणि ते वाक्य अर्धवट लिहून ठेवावे. दह्याला विरजण ठेवतात, तसे हे थोडे मागे ठेवावे लागते.

दुसरे कारण ऱ्हस्व-दीर्घाचे असते. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक वेलांटीपाशी अडणाऱ्या माणसाचा विचार वाक्याच्या मध्येच विझतो. शुद्धलेखनाची चाड असावी, पण तिची पाळी दुसऱ्या बैठकीत यावी. हे दोन्ही करूनही महिनाभर काहीच सुचत नसेल, तर विषय अजून पिकलेला नाही असे समजून त्या वेळात वाचन करावे, मात्र खुर्ची आणि वेळ तीच ठेवावी.

दिवाळी अंकाची मुदत जवळ आल्याशिवाय माझ्या हातून काहीच होत नाही. ही पद्धत चुकीची आहे का?

१९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकांच्या कित्येक पिढ्या पावसाळ्यात लिहित्या झालेल्या आहेत. बहुतेक संपादक जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागतात, त्यामुळे आपल्या लेखनवर्षाला स्वतःचा ऋतू आहे आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मुदतीच्या धाकाने कथा किंवा लेख होऊन जातो, कादंबरी किंवा चरित्र मात्र होत नाही.

मुदतीवरच चालायचे असेल तर निदान मागून मोजत यावे. लेख ३१ जुलैला द्यायचा असेल, तर १५ जुलैला पहिला खर्डा पूर्ण हवा. मधले दोन आठवडे तो कपाटात राहावा, शेवटचे तीन दिवस दुरुस्तीला मिळावेत. त्या हिशेबाने आठवड्यातून दोन बैठका धरल्या तर लेखन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू करावे लागते, म्हणजे शाळा उघडण्याच्या आणि वह्यांना कव्हरे घालण्याच्या दिवसांत. हे आधी ठाऊक असले की मे महिन्यातच टिपणे काढून ठेवता येतात.

ठरावीक जागा, ठरावीक पेन, उदबत्ती यांची गरज असते का?

गरज नसते, पण मदत होते. फक्त जी वस्तू नसली तर लिहिणे अडेल, अशी वस्तू दिनक्रमात घेऊ नये.

दिनक्रम बदलायची वेळ आली, हे कसे ओळखावे?

तीन आठवडे सलग निम्म्याहून अधिक बैठका चुकल्या, तर आळसाला दोष देण्याआधी घरात काय बदलले ते पाहावे. बदली, बाळंतपण, मुलाचे दहावीचे वर्ष, आई-वडिलांचे आजारपण यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. मग तो पाठकोरा कागद पुन्हा काढून आठवडाभराची नोंद नव्याने करावी. मी स्वतः हे पाच वेळा केले आहे. शेवटची वेळ निवृत्तीनंतरची होती, जेव्हा सगळा दिवस हाताशी असूनही चार महिने एकही पान झाले नव्हते. नोंद पाहिल्यावर लक्षात आले की, वाक्य घोळवण्याचा तो गाडीतला सव्वा तासच दिवसातून गेला होता. आता मी सकाळी भाजी आणायला जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजारात चालत जाते आणि परत आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवण्याआधी चिठ्ठी लिहिते.